हिशेबाची वही कुणाच्या हातात?

आपल्या वस्तीतलं पोरगं बारावी झालं की कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहतं. सायन्सची फी झेपत नाही, क्लासचा खर्च तर विचारूच नका. मग आर्ट्स. आणि आर्ट्समध्ये विषय कोणता, तर ज्यात जागा उरली तो. इकॉनॉमिक्स का घेतलंस म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : 'बँकेच्या परीक्षेला उपयोगी पडतं म्हणतात.'

दोस्तहो, बँकेच्या नोकरीला नावं ठेवायची नाहीत. ज्याच्या घरात वीस तारखेला पिठाचा डबा रिकामा होतो त्याला पगाराचं महत्त्व शिकवायला प्राध्यापक लागत नाही. पण जे शास्त्र आपल्याकडं उरलंसुरलं म्हणून येतं, तेच पिढीजात गल्ल्यावर बसलेल्यांची पोरं ठरवून घेतात, गणित पक्कं करून घेतात. पुढं दिल्लीच्या कचेरीत बसून तुमच्या-आमच्या रेशनचा हिशेब तीच मांडतात. हा योगायोग नाही.

अर्थशास्त्र म्हणजे काय? पुस्तकातली व्याख्या पाठ करून मार्क मिळतात, जरूर मिळवा. पण गोष्ट साधी आहे. कुणी राबलं, कुणी खाल्लं, आणि मधल्या मधे गेलं कुठं, याचा हिशेब. आपला आजा सावकाराच्या वहीत अंगठा होता. बाप मुकादमाच्या मस्टरवर हजेरी होता. आपण सरकारी अहवालात टक्का आहोत. तीन पिढ्या आपण वहीत आहोतच. लिहिणारा हात मात्र दुसऱ्याचा.

ती वही हिसकावून घेणारा माणूस आपलाच होता. चौकाचौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, हातात संविधान आहे. बरोबरच आहे. पण संविधानाच्या कितीतरी आधी हा माणूस पैशाचा हिशेब तपासत होता. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. कोलंबियात अर्थशास्त्र, लंडनमध्ये अर्थशास्त्र. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेही अर्थशास्त्राचेच. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला. जयंतीच्या डीजेपुढं नाचणाऱ्यांपैकी किती जणांनी तो ग्रंथ उघडून बघितलाय?

त्या काळात व्यापारी आणि गिरणीमालक ओरडत होते : रुपयाचा दर खाली आणा, देशाचं भलं होईल. बाबासाहेबांनी हिशेब मांडून दाखवलं की रुपया स्वस्त झाला की भाव चढतात, मजुरी मात्र तितकी चढत नाही. म्हणजे तो फायदा देशाचा नव्हेच. एका वर्गाच्या खिशातून काढून दुसऱ्या वर्गाच्या खिशात घातलेला पैसा तो. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं ते साक्षीला गेले तेव्हा मजुरीवर जगणाऱ्याची बाजू आकड्यानिशी मांडणारा माणूस तिथं उभा होता. याला म्हणतात अर्थशास्त्र शिकणं.

आणखी एक उदाहरण घ्या. वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुसिया बेटावरचा एक काळा पोरगा, आर्थर लुईस. त्याला इंजिनियर व्हायचं होतं. पण काळ्या इंजिनियरला तिथं नोकरी देणार कोण? ना सरकार, ना उसाच्या मळ्यांचे गोरे मालक. म्हणून गडी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला कॉमर्स शिकायला गेला. बाबासाहेबांचीच ती शाळा. १९५४ साली त्यानं शेतीत अडकून पडलेल्या जादा मजुरांवर जो लेख लिहिला तो आज जगभर शिकवतात. १९७९ साली त्याला नोबेल मिळालं. आणि आपल्या बापानं १९१८ सालीच लहान शेतांवरच्या लेखात लिहून ठेवलं होतं की रोग नुसता जमिनीच्या तुकड्यांत नाही, जमिनीवर बसलेल्या रिकाम्या हातांत आहे, त्या हातांना कारखान्यात काम द्या. ज्यांना कामाच्या दारातून हाकललं त्यांनीच कामाचा सिद्धांत मांडला. आपलं नातं हे असं आहे.

पण बी.ए.चं क्रमिक पुस्तक उघड. मागणी आहे, पुरवठा आहे, ग्राहक आहे. जात कुठाय? ग्राहकाला आडनाव नाही, मजुराला गाव नाही. गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन पंडितानं १९५७ साली भेदभावाचं गणित मांडलं. त्यातून निघालं ते असं : भेदभाव करणारा मालक स्वतःचंच नुकसान करतो, म्हणजे स्पर्धा वाढली की तो आपोआप मागं पडेल. वा! मग खैरलांजीला आणि जवखेड्याला सांगा, थांबा, स्पर्धा वाढू द्या.

त्याच शास्त्रात दुसरा आवाजही आहे, तो शोधावा लागतो. १९७६ साली जॉर्ज अकरलॉफनं जातीवर लिहिलं. नियम मोडणाऱ्याला बाकीचे वाळीत टाकतात आणि त्या भीतीनं मनातून जात न मानणारासुद्धा नियम पाळतो. म्हणजे बाजार जात मोडत नाही, जातच बाजाराला दावणीला बांधते. वाळीत टाकणं काय असतं हे समजायला आपल्याला इंग्रजी जर्नल लागत नाही. पण ते त्यांच्या भाषेत सिद्ध करायला लागतं.

ते सिद्ध केलं आपल्याच माणसानं. मिलिंद कॉलेजात शिकलेले सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती बघून खाजगी कंपन्यांना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आला. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. 'आमच्याकडं फक्त मेरिट बघतात' म्हणणाऱ्याच्या थोबाडावर याहून सणसणीत उत्तर कुठलं? शिवी विसरली जाते. हा आकडा वीस वर्षं होत आली तरी कुणाला खोडता आलेला नाही.

आता मुद्द्याचं. या वाटेवर एक दरवाजा आहे, त्याचं नाव गणित. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला गणित लागतं. पुढं एम.ए.च्या बऱ्याच प्रवेश परीक्षांत गणित आणि संख्याशास्त्र असतं. केंद्राच्या सांख्यिकी खात्यात ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसर व्हायचं तर पदवीला संख्याशास्त्र किंवा बारावीला चांगल्या मार्कांनी गणित पाहिजे. आणि आपल्या पोरांना दहावीतच कुणीतरी मास्तर सांगून मोकळा होतो : तुला गणित झेपायचं नाही, आर्ट्सला जा. एका वाक्यात दहा दारं बंद.

गणित झेपत नाही ही अफवा आहे. वस्तीत भिशी चालवणारी आपली माय कुणाचे किती हप्ते थकले, कुणाला किती द्यायचे, हे तोंडी सांगते. नाक्यावरचा बिगारी ब्रासमध्ये रेती मोजतो. डोकं आपल्याकडं आहे, शिकवणी नाही. ती आपणच उभी केली पाहिजे.

म्हणून फर्स्ट इयरच्या पोरापोरींना सरळ सांगतो. बी.ए. इकॉनॉमिक्सवर थांबू नका, नुसत्या त्या पदवीला बाजारात कुत्रं विचारत नाही. जमेल तिथं जोडीला संख्याशास्त्र घ्या. मग एम.ए. करा : पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे. एम.ए. झालं की यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे, रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग आहे, नाबार्ड आहे, नेट-सेट करून कॉलेजात शिकवणं आहे. वडाळ्याच्या वस्तीत वाढलेले, पोर्ट ट्रस्टच्या कामगाराचे चिरंजीव नरेंद्र जाधव याच वाटेनं रिझर्व्ह बँकेत आणि पुढं नियोजन आयोगात गेले. त्यांच्या सगळ्या मतांशी आपलं जमेलच असं नाही. पण ती वाट आहे, आणि ती आपल्या माणसानं चालून दाखवलीय.

काही साथी म्हणतील, हे बूर्ज्वा शास्त्र आहे, पोरांना मोर्च्यात आणा. मोर्चा पाहिजेच. पण मोर्च्यात मागायचं काय? १९७९ साली स्पेशल कंपोनंट प्लॅन आला. तत्त्व असं की लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा आपल्यासाठी बाजूला काढायचा. आज केंद्राच्या बजेटात तो हिशेब विवरणपत्र १० अ मध्ये असतो. ते काढून वाचा. खतांच्या अनुदानाचा वाटासुद्धा आपल्या नावावर धरलेला सापडेल. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती देशात १६.६ टक्के. २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्या वहिवाटीतली जमीन नऊ टक्क्यांच्या आसपास. ज्याला नीट कसायला जमीन नाही त्याच्या नावावर खत! ही चोरी पकडायला घोषणा पुरत नाही, बजेट वाचता येणारं पोरगं लागतं.

आणि खुर्चीत पोचलेल्यांनाही एक सांगणं आहे. वरच्या मजल्यावर बसून त्यांच्याच आकड्यांना रंगसफेदी करणार असशील तर तू कुठल्या वस्तीतून आलास याला काडीची किंमत नाही. वहीवरचा हात बदलून भागत नाही, जमा आणि खर्चाची बाजू कुणाची हे बदललं पाहिजे.

जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. आकडे येतील तेव्हा त्यांचा अर्थ लावायला टीव्हीवर तीच नेहमीची मंडळी बसतील, आणि आपण खाली बसून टाळ्या नायतर शिव्या देणार. हे चालू द्यायचं नसेल तर येत्या रविवारपासून बुद्धविहारात गणिताचा वर्ग काढा. इंजिनियर झालेल्या पोरांना पकडून आणा, शिकवायला लावा. पोरींना पुढच्या रांगेत बसवा. आणि बजेटच्या दिवशी विहारातच बसून विवरणपत्र १० अ मोठ्यानं वाचा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं.