मर्यादा जंगलाची, मिळकत कोणाची?

वाघ पाहायला आलेल्या पाहुण्याने एका रात्रीच्या खोलीचे किती पैसे मोजावेत, हा प्रश्न चळवळीच्या दैनिकात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. जिथे खोल्यांच्या संख्येवर मर्यादा येते तिथे दर चढतो. तो चढलेला दर कोणाच्या पदरात पडणार, हे परवाना कोणाच्या हाती आहे यावर ठरते. आणि या देशात जमीन, पत आणि परवाना कोणाच्या हाती असतो, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नागपूर जवळ असल्याने सुट्टीच्या दिवशी शहरी पाहुणा येतो आणि जंगलाकाठच्या गावांत मुक्कामाचा धंदा उभा राहतो. या धंद्याला मर्यादा आहेत. पर्यावरण संवेदनक्षेत्राच्या केंद्रीय अधिसूचनांत संरक्षित वनाच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत नवे व्यापारी हॉटेल किंवा रिसॉर्ट बांधण्यास सर्वसाधारणपणे मनाई असते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे आणि जास्तीत जास्त ६ खोल्या द्याव्यात, अशी अट आहे. या मर्यादांना आमचा विरोध नाही. जंगल राहिले तरच गाव राहील.

पण या मर्यादांचा हिशेब मांडून पाहा. समजा, एखाद्या भगिनीने घराला एक खोली आणि संडास-न्हाणी जोडली. कर्जाचा हप्ता, डागडुजी, वीज, अंथरूण-पांघरूण धरून वर्षाचा खर्च १,२०,००० रुपये आला. पावसाळ्याचे तीन महिने सोडले तर सुमारे २७० रात्री उरतात. त्यातल्या ९० रात्री खोली भरली तर रात्रीमागे १,३३३ रुपये नुसता खर्च पडतो. ६० रात्रीच भरली तर २,००० रुपये. तिच्या स्वयंपाकाची, झाडलोटीची मजुरी अजून धरलेलीच नाही. याउलट, मनाईच्या आधीच उभ्या असलेल्या रिसॉर्टवाल्याला नवा स्पर्धक येण्याची भीती नाही. त्याचे कर्ज कधीचे फिटलेले असू शकते. त्याला तोच २,००० रुपयांचा दर मिळाला तर बराचसा नफाच उरतो. म्हणजे मर्यादा सर्वांना सारखी, पण तिचे मोल मात्र ज्याच्याकडे आधीपासून आहे त्यालाच!

कराचेही तसेच. १८ जुलै २०२२ पूर्वी रोजच्या १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी माफ होता. ती माफी काढली गेली आणि १२ टक्के कर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण माफी परत आली नाही. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या घरमालकाला नोंदणी लागत नाही हे खरे. परंतु मोबाइलवरील कंपनीमार्फत पाहुणा आला की कर भरण्याची जबाबदारी त्या कंपनीवर येते. तो कर आणि कंपनीची दलाली दरात चढते, नाहीतर मालकिणीच्या हिश्शातून जाते.

मग दरावर अंकुश कोणाचा? मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडे कायद्याच्या नावातच हॉटेल व लॉजिंग हाउसच्या दरांवरील नियंत्रण होते. विदर्भात त्या वेळी १९४९ चा वेगळा भाडे नियंत्रण आदेश होता. ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, आणि हॉटेलच्या दरांचा विषय त्याच्या नावातून गळाला. आज मुक्कामाचा दर बाजार ठरवतो.

परदेशातही अशा मर्यादा आहेत. आम्स्टरडॅममध्ये राहते घर वर्षात ३० रात्रींपेक्षा जास्त पाहुण्यांना देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांच्या आतील मुक्कामासाठी मालकाने नोंदणी करून स्वतः घरात हजर राहावे लागते. तिथे मर्यादा आली ती भाडेकरूंची घरे वाचवण्यासाठी. इथे ती जंगलासाठी आहे. भूमिहीनाचा विचार तीत कोणी केला?

आणखी एक प्रश्न दराच्याही आधीचा आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया देऊन राहिले, तेही पारशी नाव नोंदवून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पैसे होते, पण दार नव्हते. आज आगाऊ नोंदणीत पाहुण्याचे आडनाव मालकापर्यंत आधीच पोहोचते. 'खोली भरली' एवढे म्हटले की काम झाले! म्हणून कायदा माहीत हवा. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मधील 'हॉटेल' या शब्दात लॉजिंग हाउसही येते. अस्पृश्यतेच्या कारणाने तिथे प्रवेश नाकारणे कलम ४ खाली गुन्हा आहे आणि १ ते ६ महिन्यांच्या कैदेची व दंडाची तरतूद आहे. सेवा नाकारल्याबद्दल कलम ६ खाली शिक्षा झाली तर कलम ८ प्रमाणे न्यायालय परवानाही रद्द करू शकते. घरगुती मुक्काम म्हणजे खाजगी घर, अशी पळवाट काढली जाईल. पैसे घेऊन जनतेला दिलेली खोली खाजगी उरत नाही, हे आपण न्यायालयात ठामपणे मांडले पाहिजे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. जंगलाकाठच्या मुक्कामाची परवानगी देताना भूमिहीन कुटुंबे आणि महिला बचत गट यांना पहिला हक्क द्या. ज्यांच्या नावे घर नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेने गावाच्या जागेवर सामूहिक निवास उभारावा. प्रत्येक निवासाच्या दारात दरपत्रक लावा आणि नोंदणीच्या अर्जातच १९५५ च्या कायद्याचे हमीपत्र घ्या.

कार्यकर्त्यांनी मात्र मागणीवर थांबू नये. राज्याच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात महिलांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा १२ टक्क्यांच्या मर्यादेत परतावा आहे. वस्तीतल्या किती भगिनींच्या घराचा नमुना आठचा उतारा त्यांच्या नावे आहे, हे आधी तपासा. तो नसेल तर पुढच्या ग्रामसभेत पहिला अर्ज त्याचाच द्या. उताऱ्यावर नाव चढले की कर्जाचा अर्ज करता येईल, आणि आपल्या खोलीचा दर ती स्वतः ठरवू शकेल.