मोटारीनं पाणी सोडलं, तर आधी बटण बंद करा

मोटार चालू आहे, आवाज नेहमीपेक्षा जरा मोकळा येतो आहे आणि गच्चीवरच्या टाकीत थेंबसुद्धा पडत नाही. अशा वेळी पैठणच्या कुठल्याही आळीत एकच वाक्य ऐकू येतं, "राहू द्या चालू, घेईल थोड्या वेळानं." माझी हात जोडून विनंती आहे, राहू देऊ नका. ती घेणार नाही, आणि का घेणार नाही हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

घरगुती मोनोब्लॉक पंपात एक छोटा पंखा फिरतो. मिस्त्री त्याला इंपेलर म्हणतात. पंपात पाणी असेल तर हा पंखा ते कडेला भिरकावतो, मध्ये दाब कमी होतो, आणि हौदातल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तो पाण्याला सक्शनच्या पाइपातून वर ढकलतो. हौदातून पंपापर्यंत पाणी आणण्याचं काम असं बाहेरची हवाच करते. हा दाब समुद्रकाठी सुमारे १०.३ मीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. पैठण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणून इथं पावणेदहा मीटर धरा. पाइपातलं घर्षण वगैरे वजा जाता हातात सहा-सात मीटर उरतात. घरचा हौद सात-आठ फूट खोल असतो, तेव्हा "हौद खोल आहे म्हणून मोटार ओढत नाही" ही सबब घरगुती हौदाला लागू पडत नाही.

गडबड होते ती पंपाच्या आत हवा शिरली की. हवा पाण्यापेक्षा साधारण आठशेपट हलकी. पंखा त्याच वेगानं फिरतो, पण भिरकावायला वजनच नाही. जो पंप पाणी २० मीटर चढवतो, त्याच्यात नुसती हवा असेल तर त्याचा जोर जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी उचलण्याइतका उरतो. मग अर्धा तास चालवा नाहीतर रात्रभर, हौदातलं पाणी दोन बोटांच्या वर येणार नाही. सेल्फ प्रायमिंग पंपाला स्वतःचं थोडं पाणी साठवायची जागा असते, त्यामुळे तो हवा हळूहळू बाहेर टाकू शकतो. पण तीच जागा कोरडी पडली तर त्याचीही तीच गत.

आणि या वेळात नुकसान चालूच असतं. मोटारीच्या दांड्यावर जिथून पाणी बाहेर येऊ नये म्हणून सील बसवलेलं असतं, तिथं दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तोच त्यांना थंड ठेवतो. पंप कोरडा चालला की चकत्या तापतात, तडकतात. मग पंपाखाली कायमचं ओलं राहू लागतं, आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं की वाइंडिंगचा नंबर.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ घरांत मोटारीजवळ एक तांब्या कायमचा ठेवलेला असतो. सकाळी बूच उघडायचं, तांब्याभर पाणी ओतायचं, मोटार सुरू करायची. घरातल्या सुनेला हे काम स्वयंपाकासारखं नेमून दिलेलं असतं. रोज पाणी ओतावं लागणं हा मोटारीचा स्वभाव नाही, ते गळतीचं लक्षण आहे. ज्या वाटेनं पाणी उतरतं किंवा हवा शिरते ती वाट शोधा आणि बुजवा.

पहिला संशय सक्शनच्या पाइपाच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हवर घ्या, म्हणजे आपल्याकडचे सगळे ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्यावर. मोटार बंद ठेवून बुचातून काठोकाठ पाणी भरा आणि दहा मिनिटं नुसतं बघत राहा. पातळी खाली गेली आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर फुटबॉल गळतो आहे. बहुधा झडपेखाली वाळूचा कण, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा शेवाळ अडकलेलं असतं, नाहीतर रबर कडक झालेलं असतं. शेतातल्या विहिरीवर यासाठी शेणकाला ओततात, तो झडपेच्या फटीत बसतो आणि तात्पुरतं काम भागतं. पिण्याच्या हौदावर हा प्रयोग करू नका, एवढं सांगायला लागू नये, पण सांगतो.

दुसरा संशय सांध्यांवर, आणि इथं भले भले फसतात. सक्शनच्या बाजूला मोटार चालू असताना पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे सांधा कोरडा ठणठणीत दिसतो आणि मिस्त्री म्हणतो, "पाइप ओके आहे." शहाळ्याच्या नळीला वरच्या बाजूला बारीक चीर असली तर बाहेर काही सांडत नाही, पण घोटही येत नाही, तसंच हे. मोटार कशीबशी पाणी ओढत असताना प्रत्येक एल्बो, निपल आणि युनियनवर साबणाचा दाट फेस लावा. जिथं फेस आत ओढला जातो तिथं भोक. लोखंडी आट्यांना टेफ्लॉन टेप किंवा जुन्या पद्धतीनं सुतळी-सफेदा, पीव्हीसीला नवा सांधा करून सोल्युशन. वरून एम-सील थापणं ही फार तर आठवड्याची सोय.

तिसरी गोष्ट पाइप टाकतानाच बघायची. सक्शनचा पाइप हौदापासून पंपापर्यंत सतत चढता हवा. मध्ये भिंत किंवा पायरी ओलांडायला त्याला कमान दिली, तर त्या उंचवट्यावर हवा साचून बसते. मोठ्या वाहिन्यांचंही तेच. नाथसागर धरणाचं पाणी संभाजीनगरला नेणाऱ्या वाहिन्या पैठण रस्त्याच्या कडेनं जातात. जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या, आता नवी २५०० मिलिमीटरची. शंभरेक मीटर चढ आहे. या रस्त्यावर एखाद्या व्हॉल्व्हमधून उडणारं कारंजं आणि त्याखाली लावलेल्या घागरी आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. वाहिनीच्या उंचवट्यांवर असे एअर व्हॉल्व्ह बसवावेच लागतात, हवा साचली की एवढ्या मोठ्या वाहिनीलाही ती अडवते. मग आपला एक इंची पाइप कोण!

हौदातच बुडवून ठेवायच्या ओपनवेल सबमर्सिबलला पाणी ओतावं लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. तिथं हवा वेगळ्या तऱ्हेनं अडकते. हौद रिकामा झाला, पंप उघडा पडला, मग नळ येऊन हौद पुन्हा भरला. पाणी खालून चढतं आणि पंपातली हवा वर नॉन रिटर्न व्हॉल्व्हखाली, म्हणजे पाणी परत उतरू न देणाऱ्या झडपेखाली, कोंडते. व्हॉल्व्हच्या वर गच्चीपर्यंत पाइप भरलेला. दहा मीटर पाण्याचं ओझं झडपेवर, आणि खाली हवेनं भरलेल्या पंपाचा जोर अडीच सेंटिमीटरचा. झडप उघडणार कशी? यावर उपाय अगदी स्वस्त आहे. पंप आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह यांच्या मधल्या डिलिव्हरी पाइपला, हौदाच्या आतच, तीन-चार मिलिमीटरचं एक छिद्र पाडायचं. हवा तिथून निसटते. पंप चालू असताना त्यातून बारीक धार हौदात पडत राहील, ती पडू द्या, आणि क्षारानं छिद्र बुजलं नाही ना हे अधूनमधून सुईनं बघा. मोनोब्लॉकवाल्यांनी मात्र हे वाचून सक्शनच्या पाइपाला छिद्र पाडू नये, होतं तेही जाईल. त्यांनी पंपाच्या वर, नॉन रिटर्नच्या खाली एक छोटा कॉक बसवावा आणि पाणी भरताना तो उघडा ठेवावा. पाणी हळू ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. घाईनं भसकन ओतलं की वर पाणी दिसतं आणि खाली हवा तशीच.

१९७६ पासून नाथसागर उशाशी आहे, तरी घरात पाणी हौदात साठवून मोटारीनंच चढवायचं आहे. त्यात फाल्गुनात नाथषष्ठी. दिंड्या येतात, पाहुणे येतात, मोटार दिवसातून चारदा चालते आणि हौद तळ गाठतो. संत एकनाथांच्या वाड्यातला रांजण श्रीखंड्याच्या रूपात देव कावडीनं भरायचा असं सांगतात. त्या कावडीला फुटबॉल नव्हता, आपल्याला आहे. पाणी खाली गेलं की फुटबॉलच्या डोक्यावर भोवरा तयार होतो आणि फुटबॉल अजून बुडालेला असतानाच त्या भोवऱ्यातून हवा आत जाते. म्हणून फुटबॉल तळापासून वीतभर वर ठेवा, म्हणजे गाळ येणार नाही, आणि त्याच्यावर निदान फूटभर पाणी राहू द्या. हौदातलं शेवटचं पावणेदोन फूट पाणी मोटारीचं नाही, असंच धरून चाला. तिथं फ्लोट स्विच लावला की आठवण ठेवायचं कामच उरत नाही. नळाची धार फुटबॉलच्या अगदी वर पडत असेल तर तीही दुसऱ्या कोपऱ्यात न्या, धारेबरोबर बुडबुडे खाली जातात.

नळालाच थेट मोटार लावणाऱ्यांना काय सांगायचं? ते बेकायदा आहे, शेजाऱ्याचं पाणी तोडणारं आहे, आणि नळाला पाणी येण्याआधी जी हवा सुटते ती सगळी याच मोटारीत जाते. शिवाय ओढ लागली की फुटक्या लाइनमधून गटाराचं पाणीही आत येतं.

शेवटी जिवाचं. फुटबॉल बघायला पोराला हौदात उतरवू नका. बंद हौदात हवा कोंदट होते, कधी श्वास घेण्याजोगीही राहत नाही. नव्या हौदात सेंट्रिंगच्या फळ्या राहिल्या असतील तर धोका जास्त. एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, असेच अपघात घडतात. सबमर्सिबल असेल तर मेन स्विच पाडल्याशिवाय पाण्यात हातही घालायचा नाही, आणि मोटारीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. उतरायची वेळच येऊ नये म्हणून मिस्त्रीला सांगून सक्शनच्या पाइपला हौदाच्या झाकणापाशी एक युनियन बसवून घ्या. ती खोलली की पाइपासकट फुटबॉल वर ओढता येतो, धुता येतो, रबर बदलता येतं. परत बसवताना युनियनचा वॉशर मात्र नवा घाला, नाहीतर हवा तिथूनच शिरायला लागेल.