शब्दकोश उघडा ठेवून परीक्षा

युरोपियन कमिशन २००७ पासून शाळकरी मुलांसाठी ‘युवेनेस ट्रान्सलातोरेस’, म्हणजे ‘तरुण अनुवादक’, ही स्पर्धा घेते. १७ वर्षांची मुले, एक पान मजकूर. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही एकीतून दुसरीत. म्हणजे ५५२ वाटा! (बँकेतली आकडेमोड सुटत नाही.) मला भावली ती एक मुभा : शब्दकोश जवळ ठेवता येतो. अर्थ कोशात सापडतो. वाक्य आपल्या भाषेत बसवायला मात्र ती भाषाच यावी लागते. आपल्याकडे गुणांसाठी जर्मन, फ्रेंच घेणारी मुले पुष्कळ. त्यांच्यापुढे एखाद्या शाळेने असे एक पान ठेवावे आणि मराठीत उतरवा म्हणावे. खर्च कागदाचा आणि एका दुपारचा.