पहिल्या गाण्याआधी मुलाची पट्टी ठरवा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मीरा रोडच्या शांती नगरसारख्या दाट वस्तीत शिकवण्या, नृत्य आणि चित्रकलेच्या जोडीने गाण्याच्या वर्गांचेही प्रवेश सुरू होतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत गणपती येतात. सोसायटीच्या मंडपात मुलाने एखादे गाणे म्हणावे, ही पालकांची साधी अपेक्षा असते. त्यामुळे अनेक ठिकाणी सुरुवात सरगमऐवजी थेट कराओकेवरच्या गाण्याने होते. नवशिक्याच्या गळ्यासाठी ही घाई महागात पडू शकते.

आवाज स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंमधून निघतो. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटर असते, तर स्त्रियांमध्ये आणि मुलांमध्ये त्याहून कमी. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते कंप पावतात आणि प्रत्येक कंपनात एकमेकांवर आपटतात. काळी चारच्या ‘सा’वर ही संख्या सेकंदाला सुमारे 208 असते, म्हणजे मिनिटाला जवळपास साडेबारा हजार. तार सप्तकातल्या ‘सा’वर ती दुप्पट होते. श्वासाचा आधार नीट असेल, तर निरोगी गळा हे काम सहज पेलतो. मात्र मान ताणून, जबडा घट्ट धरून जोर लावला की प्रत्येक आघात जड होतो.

पहिला प्रश्न पट्टीचा आहे. कराओकेचा ट्रॅक बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असतो. ती पट्टी त्या गायकाच्या गळ्यासाठी ठरलेली असते, आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी नव्हे. ध्रुवपद जमते आणि अंतऱ्यात गळा तुटतो, असे झाले तर दोष मुलाच्या मेहनतीत नसून पट्टीत असतो. बहुतेक कराओके ॲपमध्ये ती खाली-वर करता येते. संवादिनीवर तर ‘सा’ बदलायला क्षणभरही लागत नाही.

दुसरा प्रश्न गोंगाटाचा. फ्रेंच डॉक्टर एटिएन लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवून दिले, की आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. छोट्या हॉलमध्ये दहा मुले, डोक्यावर पंखा, खिडकीखाली रिक्षांचे हॉर्न आणि कोपऱ्यात मोठा स्पीकर असेल, तर प्रत्येक मूल स्वतःला ऐकू येण्यासाठी ओरडू लागते. खिडकी लावून स्पीकर निम्म्यावर आणला आणि मुलांना तीन-चारच्या गटात गायला लावले, तर खर्च काहीच येत नाही आणि गळ्यावरचा ताण कमी होतो.

हा ताण महिनोन्महिने राहिला, तर स्वरतंतूंच्या कडांवर समोरासमोर छोट्या गाठी येऊ शकतात. हाताने सतत काम केल्यावर घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. या गाठी कर्करोगाच्या नसतात, पण त्यांच्यामुळे आवाज घोगरा होतो, वरचे स्वर लागेनासे होतात आणि गाताना हवा गळते. ‘रियाजाने आवाज तापतोय, बसणारच’ असे सांगून याकडे दुर्लक्ष होते, हाच खरा धोका. गाण्यानंतर गळा दुखणे किंवा दुसऱ्या दिवशी आवाज बसणे म्हणजे तंत्र चुकत असल्याची खूण. चार आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. लहान मुलांमधल्या अशा गाठींवर पहिला उपाय सहसा शस्त्रक्रिया नसतो. स्पीच थेरपिस्टच्या मदतीने बोलण्या-गाण्याच्या सवयी बदलणे हाच असतो.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक टप्पा येतो. साधारण बारा ते पंधरा या वयात आवाज फुटतो आणि जवळपास एका सप्तकाने खाली उतरतो. या काळात जुन्या पट्टीचा आग्रह धरू नये. गाणे बंद करण्याची गरज नसते. सोयीच्या मोजक्या स्वरांत, हलक्या आवाजात ते चालू ठेवता येते. मुलींचा आवाजही या वयात दोन-तीन स्वरांनी उतरतो, फक्त तो बदल चटकन लक्षात येत नाही.

गायन आणि शरीरशास्त्र यांचे नाते जुने आहे. जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात हे आरशाच्या साह्याने 1854 मध्ये पाहणारे मॅन्युएल गार्सिया हे गायनाचे शिक्षक होते. मुंबईत 1925 मध्ये ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढणारे प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाज साधनेचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. कुमार गंधर्व त्यांचेच शिष्य. पुढे डॉ. अशोक दा. रानडे यांनी हा विचार गायकांबरोबरच नटांपर्यंतही नेला. हे ज्ञान मराठीत उपलब्ध असताना गल्लीतल्या वर्गापर्यंत ते पोचत नाही, कारण तिथे मोजमाप होते ते किती गाणी बसली याचे.

चांगल्या वर्गाचे पहिले तीन महिने कंटाळवाणे वाटू शकतात. ताठ पण सैल बसणे, खांदे न उचलता श्वास घेणे, तोंड मिटून गुणगुणणे, ओठ थरथरवत स्वर लावणे, मग मध्य सप्तकात सावकाश अलंकार. नवशिक्याला दिवसाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. घोट अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतूंना तो थेट लागत नाही, म्हणून गाण्याच्या क्षणी गटागटा पिऊन उपयोग नाही. सारखे खाकरणे टाळावे. सर्दी-खोकल्यात आवाज बसला असेल, तर त्या दिवशी फक्त ऐकावे.

वर्गाची फी भरण्याआधी पालकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मुलाची पट्टी कशी ठरवणार, एका वेळी किती मुले गाणार आणि आवाज बसला तर काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला ‘गाऊन गाऊन सुटेल’ असे उत्तर आले, तर दुसरा वर्ग शोधावा. गणपतीतले गाणे पुढच्या वर्षीही म्हणता येईल.