लिटरभर दूध कुणाच्या वाट्याला?

आमच्या होटगीत संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. निम्म्या बायका मराठीत बोलतात, निम्म्या कानडीत, आणि गावच्या बातम्या दोन्ही भाषांत फिरतात. यंदाची बातमी आमच्याच घरची होती. माझ्या धाकट्या जावेची मुलगी, आठवीतली, कुस्ती शिकायची म्हणून हटून बसलीय.

"अगं बाई, कुस्ती?" एकीनं वाणाची वाटी हातातच धरली. "कान सुजून गाठी होतात त्या पैलवानांचे. लग्न कोण करणार मग?" दुसरी म्हणाली, "पोराला घातलं होतं ना तालमीत? बास झालं की ओ."

घातलं होतं, खरं आहे. पुतण्या दोन वर्षं तालमीत जात होता. त्याच्यासाठी म्हशीचं लिटरभर दूध डेअरीला न घालता घरात ठेवायचे. बदाम भिजत पडायचे, थंडाई वाटली जायची आणि ती वाटायची ही मुलगीच. पुढं त्याला मोटारसायकलचं वेड लागलं, तालीम सुटली, दूध परत डेअरीला जायला लागलं. मुलगी मागतेय ते तेच लिटरभर दूध.

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी खाशाबा जाधव आठवले. किंक्रांत म्हणून आपण शुभकार्य टाळतो, त्या १५ जानेवारीचा त्यांचा जन्म, १९२६ सालचा. आता तोच दिवस आपल्या राज्याचा क्रीडा दिन आहे! कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान. त्यांना ऑलिंपिकचं पदक मिळालं एवढं आपल्याला माहीत असतं. पण तिथवर ते कसे पोचले हे जरा पैशाच्या अंगानं बघा. महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या बाईला ते चटकन कळेल.

१९४८ साली लंडनला जायला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. लाल मातीत वाढलेला गडी तिथं मॅटवर खेळला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशाचीच अडचण. गावानं वर्गणी काढली. तरी भागेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. त्या काळचे सात हजार! विद्यार्थी ना नात्याचा, ना गोत्याचा. त्या घरातल्या बायकांना कुणी विचारलं असेल का, असं मला दरवेळी वाटतं. घर गहाण पडतं तेव्हा रात्रीची झोप कुणाची उडते ते आपल्याला ठाऊक आहे.

खाशाबा ५७ किलो गटात खेळले. कॅनडाच्या, मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. सुवर्ण जपानच्या इशीला मिळालं, रौप्य रशियाकडच्या मल्लाला आणि कांस्य आपल्या खाशाबांना. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, तेही टेनिसमध्ये, लिअँडर पेसचं. आणि महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते २०२४ ला, नेमबाज स्वप्नील कुसाळेचं. मध्ये ७२ वर्षं गेली.

गावाकडं बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पण मला आवडतं ते त्याच्या पुढचं. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून आधी गुरुजींचं घर सोडवलं. पुढं १९५५ ला पोलिसात फौजदार म्हणून लागले, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार दिला तो २००० साली, माणूस जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. असो.

आता मुलींचं बघा. महाराष्ट्र केसरीची गदा पुरुषांना १९६१ पासून मिळतेय. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ ला सांगलीत, तिथल्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. जगातही फार वेगळं नव्हतं. जुन्या ग्रीसमधल्या ऑलिंपिकला लग्न झालेल्या बाईला नुसतं बघायलासुद्धा बंदी होती. त्याच ग्रीसच्या अथेन्समध्ये २००४ ला बायकांची कुस्ती पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. बारा वर्षांनी रिओत आपल्या साक्षी मलिकनं कांस्य मिळवलं. त्या कुस्तीत ती ०-५ नं मागं होती आणि ८-५ नं जिंकली.

जावेला मी हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि अक्का, त्याच साक्षीला २०२३ ला दिल्लीत रस्त्यावर बसावं लागलं, ते?" मी गप्प झाले. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर मुलींच्या छळाचे आरोप करत साक्षी, विनेश अशा देशासाठी खेळलेल्या मुली जंतरमंतरवर बसल्या होत्या. आईची भीती खोटी नाही. कान सुजतील ही भीती मी धरत नाही, पण ही धरते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भीती वाटते तर चौकशी करा. शिकवणारा कोण, बाई आहे का, परगावी स्पर्धेला सोबत कोण जातं, मुक्काम कुठं, हे तोंडावर विचारा. विचारायची लाज वाटायला नको. पण चौकशी न करताच "नको" म्हणायचं आणि दूध डेअरीला घालायचं, याला काळजी कशी म्हणू?

जाऊ म्हणते, दर दिवाळीला मुलीच्या नावानं थोडं सोनं घेते. लग्नासाठी. बरोबर आहे, मीही घेतलं होतं. तिच्या लग्नासाठी आपण पोटाला चिमटा घेतो, मग तिच्या खुराकासाठी घेताना हात का आखडतो? पदक येईल का? बहुतेक नाही. पुतण्याला तरी पदक येईल म्हणून कुठं दूध ठेवलं होतं? त्याची हौस होती, तेवढं कारण पुरलं.

परवा सकाळी जावेनं डेअरीला घालायच्या दुधातलं तांब्याभर बाजूला काढलं. मला म्हणाली, "सहा महिने बघू, अक्का." सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "कुणाला ठेवलीस गं?" जावेनं मुलीचं नाव घेतलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र मला हळूच विचारत होत्या, "त्या तालमीत पोरींना कापडं बदलायला वेगळी खोली हाय का न्हाई, बघून आलीस का?"