विश्लेषण : सिरोंचात सिनेमा काढायचा, तर पैसा कुठून उभा करायचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. त्यानंतर दक्षिण गडचिरोलीत चित्रीकरणाला जाणे पूर्वीपेक्षा सोपे वाटू लागले आहे. प्राणहिता-गोदावरीचा संगम आणि सागवानाचे जंगल कोणत्याही कॅमेऱ्याला हवेसे वाटेल. तरीही छोटी स्वतंत्र चित्रपट कंपनी इथे टिकेल का, हा प्रश्न सुरक्षेपेक्षा हिशेबाचा अधिक आहे.

नाटकाला पैसा मिळतो, मग सिनेमाला का नाही?

याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला देसाईगंज, म्हणजे वडसा आहे. झाडीपट्टी रंगभूमीचे हे मुख्य ठाणे. धान कापणी झाली की इथल्या नाटक कंपन्यांच्या तारखा भरू लागतात आणि रात्रभर चालणारे प्रयोग होळीच्या आसपासपर्यंत सुरू राहतात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

या धंद्याचे गणित साधे आहे. गावातले मंडळ प्रयोग ठरवते, इसार देते, ठरलेली रक्कम कंपनीला मिळते. तिकिटे विकायची ती मंडळाने. प्रेक्षक कमी आले तर पहिली झळ मंडळाला बसते. म्हणजे कंपनीचा माल तयार होण्याआधीच विकला गेलेला असतो.

सिनेमात सगळे उलटे. आधी चित्रीकरण, मग संकलन, ध्वनी, सेन्सॉर, जाहिरात, आणि सर्वात शेवटी तिकीट खिडकी. तोवर खर्चाचा पूर्ण भार निर्मात्यावर.

आकडा मांडून पाहू. तिकीट १०० रुपयांचे धरा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, तो वजा जाता साधारण ९५ रुपये उरतात. त्यातला निम्मा वाटा चित्रपटगृहाचा धरला, तर निर्मात्याच्या बाजूला येतात सुमारे ४७ रुपये. एक कोटीचा खर्च भरून काढायला २ लाख १० हजारांहून अधिक तिकिटे विकावी लागतील. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार. म्हणजे जवळपास दर पाच माणसांमागे एक तिकीट! यात वितरकाचे कमिशन आणि जाहिरातीचा खर्च धरलेलाच नाही. फक्त जिल्ह्याच्या भरवशावर सिनेमा काढता येणार नाही, हे इथेच स्पष्ट होते.

सरकारी अनुदानाचे काय?

राज्याच्या योजनेत मराठी चित्रपटाला ‘अ’ दर्जा मिळाला तर ४० लाख आणि ‘ब’ दर्जा मिळाला तर ३० लाख रुपये अशी रचना आहे. छोट्या कंपनीसाठी ही रक्कम मोठीच. पण दर्जा ठरतो तो तयार सिनेमा पाहून. जेव्हा युनिटच्या जेवणाचे, गाड्यांचे, कॅमेरा भाड्याचे पैसे रोज मोजावे लागतात, तेव्हा हे अनुदान उपयोगी नाही. त्याच्या आशेवर कर्ज काढले, तर व्याज वेगळे.

आधी कोणी करून दाखवले आहे का?

हो. समृद्धी पोरे यांनी प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या कामावर ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ हा चित्रपट काढला. तो १० ऑक्टोबर २०१४ ला प्रदर्शित झाला. भामरागड तालुक्यातले हेमलकसा हे त्याचे कथास्थळ. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी ही नावे सोबत होती, त्यामुळे तो राज्यभर पोहोचला. २०२२ मध्ये तृशांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ आला, तो थेट झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवर. दोन्हींचा विषय इथला, पण प्रेक्षक मात्र बाहेरचा मिळवावा लागला.

सिरोंचाची अडचण नेमकी कोणती?

पहिली अडचण अंतराची. जिल्ह्याचे ठिकाण २०० किलोमीटरहून दूर आणि आलापल्लीकडच्या रस्त्याची रडकथा सर्वांना ठाऊक. रेल्वेसाठी राज्यातल्या बल्लारशापेक्षा नदीपलीकडचे तेलंगणातले मंचेरियाल जवळ. वनक्षेत्रात चित्रीकरण करायचे तर वनविभागाची परवानगी लागते, ती वेगळीच.

दुसरी हंगामाची. पावसाळ्यात नद्या-नाले रस्ते अडवतात, त्यामुळे काम हिवाळ्यातच उरकावे लागते. पण नेमक्या त्याच दिवसांत झाडीपट्टीचे नट रात्री रंगमंचावर असतात. हंगामाच्या चार महिन्यांत वर्षाची कमाई करणारा कलाकार अनोळखी सिनेमासाठी तारखा का सोडेल? उन्हाळ्यात नट मोकळे, पण गडचिरोलीतल्या मे महिन्यात युनिट दुपारभर उघड्यावर उभे करून दाखवावे!

तिसरी अडचण भाषेची, आणि खरे तर हीच संधी. सिरोंचात मराठी, तेलुगू आणि माडिया एकाच बाजारात ऐकू येतात. समोर गोदावरीवरचा पूल ओलांडला की कालेश्वरम. इथला प्रेक्षक तेलुगू सिनेमावर वाढलेला आहे. मराठी कंपनीला हा पलीकडचा बाजार दिसायला हवा.

तो बाजार खरेच पैसे देतो का?

उदाहरण पुन्हा समृद्धी पोरे यांचेच. सरोगसीवरच्या त्यांच्या ‘मला आई व्हायचंय’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यावरून २०१३ मध्ये तेलुगूत ‘वेलकम ओबामा’ आणि २०२१ मध्ये हिंदीत ‘मिमी’ निघाला. तिकीट खिडकी बंद झाल्यावरही कथेचे मोल उरते ते असे.

म्हणून छोट्या निर्मात्यासाठी करारातला हक्कांचा परिच्छेद कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा. हाती रोकड नसल्याने अनेकदा टीव्ही, ओटीटी, डबिंग आणि रिमेक असे सगळे हक्क एकाच रकमेत सुरुवातीलाच देण्याचा मोह होतो. ते भाषा आणि मुदत लिहून वेगवेगळे ठेवले, तर एकाच कामाचे दोन-तीनदा पैसे येऊ शकतात. तेलुगू डबिंग करायचे असेल तर त्या आवृत्तीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र स्वतंत्र घ्यावे लागते. त्याचा आणि डबिंगचा खर्च चित्रीकरणापूर्वीच अंदाजपत्रकात धरावा लागेल.