सोळाची शिस्त

देवळा, कळवण, सटाणा या टापूतून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी नाशिक-पुण्यास जाणारी आणि पुढे एखाद्या बँकेच्या वा कारखान्याच्या जुन्या, पण अद्याप हुकमी चालणाऱ्या संगणकावर नेमली जाणारी मुले ‘सी’ भाषेतील पॉइंटर शिकतात खरी. परंतु तो स्मृतीत कोणत्या पत्त्यावर ठेवावा याविषयी वर्गात बहुधा अवाक्षर निघत नाही, आणि ही उणीव मला क्षुल्लक वाटत नाही.

आयबीएमने १९७८ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३८ मध्ये, तसेच २१ जून १९८८ रोजी आलेल्या एएस/४०० या तिच्या मध्यम क्षमतेच्या वारसदार यंत्रात, पॉइंटर १६ बाइटांचा असतो आणि त्याच्या पत्त्याला १६ ने निःशेष भाग जावाच लागतो. घरगुती संगणकावर ८ बाइटांचा पॉइंटर आडवातिडवा ठेवला तरी प्रोसेसर सहसा निमूटपणे काम उरकतो; येथे मात्र यंत्र तत्काळ हरकत घेते. वरकरणी हा कारकुनी काटेकोरपणा भासेल. पण वैध पॉइंटरसोबत, सामान्य आज्ञेच्या दृष्टीआड, हार्डवेअर एक गुप्त चिन्ह सांभाळीत असते. आणि नोंदणी झालेल्या दस्तऐवजात मागाहून खाडाखोड केली असता त्यावरील मोहोर जशी निरर्थक व्हावी, तसे पॉइंटरच्या एखाद्याही बाइटावर परस्पर काही लिहिले की ते चिन्ह पुसले जाऊन तो पॉइंटर बाद ठरतो. बनावट पत्त्याने परक्या मिळकतीत शिरण्याचा मार्ग मुळातच बंद!

किंमत पडते ती जागेची. एक अक्षर, मग पॉइंटर, मग पुन्हा एक अक्षर असा क्रम लावला, तर १८ बाइटांच्या ऐवजासाठी ४८ बाइट खर्ची पडतात. पॉइंटर अग्रभागी घेतला, तर ३२. तथापि हीच ऐसपैस रचना होती म्हणून १९९५ मध्ये ते यंत्र ४८ बिटी पत्त्यांवरून ६४ बिटी पत्त्यांवर गेले, तेव्हा असंख्य जुने प्रोग्रॅम मूळ संहितेला हात न लावता चालत राहिले. उधळपट्टी म्हणून तिला नावे ठेवणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

नाशिक-पुण्याकडील महाविद्यालयांच्या अध्यापकांस विनंती एवढीच की, पॉइंटरच्या पाठाला या हिशेबाचा निदान एक तास जोडावा, आणि परीक्षेत न येणारे आपल्याकडे कोणी वाचीत नाही हे ध्यानी घेऊन प्रश्नपत्रिकेतही त्यावर एक उदाहरण अवश्य घालावे.